केनियातील शहरी दारिद्र्य

केनियातील शहरी दारिद्र्य : केनियाच्या शहरांत दारिद्र्यरेषेखाली राहणाऱ्या लोकांचे प्रमाण व त्यांची स्थिती. २०१५-१६ च्या सरकारी कौटुंबिक पाहणीनुसार देशातील ३६.१ टक्के लोक गरीब होते. ग्रामीण भागात हे प्रमाण ४०.१ टक्के, मुख्य शहरी भागात २९.४ टक्के आणि शहरांलगतच्या वस्त्यांत २७.५ टक्के होते. शहर म्हणजे खेड्यापेक्षा बरे, असा निष्कर्ष यावरून सहज निघतो. पण तो अपुरा आहे.

या पाहणीत दारिद्र्यरेषा दर प्रौढ माणशी दरमहा मोजली गेली. ती ग्रामीण भागासाठी ३,२५२ शिलिंग, तर शहरांसाठी ५,९९५ शिलिंग होती. यातला अन्नखर्च अनुक्रमे १,९५४ व २,५५१ शिलिंग, म्हणजे त्यात फरक सुमारे सहाशेचाच. खरी तफावत अन्नाव्यतिरिक्तच्या गरजांत आहे : खेड्यात सुमारे १,३०० शिलिंग, तर शहरात सुमारे ३,४४४. घरभाडे, पाणी, प्रवास, सरपण किंवा रॉकेल अशा गोष्टींना शहरात रोख पैसा मोजावा लागतो. शिवाय नळ नसलेल्या वस्तीत वीस लिटरच्या डब्याने विकत घेतलेले पाणी नळाच्या पाण्यापेक्षा लिटरमागे कितीतरी महाग पडते. गरिबाला तीच वस्तू महाग मिळते, हा या दारिद्र्याचा गाभा आहे. किराणाही एका वेळेपुरता घेतला जातो : ग्लासभर तेल, मूठभर साखर. या व्यवहाराला केनियात ‘कडोगो’ (चिमुकले) म्हणतात. ‘सुकुमा विकी’ या स्वस्त पालेभाजीच्या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकल’ असा आहे.

याच पाहणीच्या जिल्हावार आकड्यांत राजधानी नैरोबी १६.७ टक्क्यांसह ४७ काउंट्यांमध्ये सर्वांत कमी गरीब ठरली. उत्तरेतील तुर्काना ७९.४ टक्क्यांवर होते. माणसे मोजली तर हे अंतर बरेच मिटते : नैरोबीत सुमारे साडेसात लाख गरीब, तुर्कानात आठ लाखांहून थोडे अधिक. शिवाय नैरोबी इतकी खाली असूनही सर्व शहरांची सरासरी २९.४ वर राहते, याचाच अर्थ उरलेल्या शहरांतले दारिद्र्य बरेच दाट आहे. मोंबासा काउंटीत ते २७.१ टक्के होते. चर्चा मात्र नैरोबीतील किबेरा या झोपडपट्टीभोवतीच फिरते.

नैरोबी १८९९ मध्ये युगांडा रेल्वेचे ठाणे म्हणून वसली. वसाहतकाळात युरोपीय, आशियाई व आफ्रिकी लोकांच्या वस्त्या वेगळ्या ठेवल्या गेल्या, आणि आफ्रिकी माणसाला शहरात कामगार म्हणून जागा होती, रहिवासी म्हणून नव्हती. ‘किपांडे’ हे ओळखपत्र गळ्यात बाळगणे त्याला सक्तीचे होते. किबेरा ब्रिटिश सैन्यातील न्युबियन सैनिकांच्या वसाहतीतून वाढले. नावाचा अर्थ न्युबियन भाषेत ‘जंगल’. स्वातंत्र्यानंतर (१९६३) निर्बंध उठले, लोंढे आले, पण मथारे, मुकुरू, कोरोगोचो या नैरोबीतील झोपडवस्त्यांना जमिनीचा हक्क मिळाला नाही. इथले बहुसंख्य रहिवासी भाडेकरू आहेत आणि घरमालक बहुधा वस्तीबाहेर राहतात. त्यामुळे सुधारणेचा फायदा नेमका कोणाला, हा प्रश्न प्रत्येक योजनेत अडतो. उपजीविका मुख्यतः ‘जुआ काली’ (कडक ऊन) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या असंघटित क्षेत्रात : उघड्यावरचे पत्राकाम, सुतारकाम, भाजीविक्री, रोजंदारी.

मोजणी हाच वादाचा विषय आहे. किबेराची लोकसंख्या दहा लाख असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २००९ च्या जनगणनेत ती १,७०,०७० भरली. अतिशयोक्तीने गरिबांचे भले झाले नाही, तसे आकडा लहान निघाल्याने गटारही वाहते झाले नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘मुउंगानो वा वानाविजिजी’ या झोपडीवासीयांच्या संघाने रहिवाशांकडूनच घरोघरी नोंद करण्याची पद्धत रुजवली. किबेरा व मुकुरूमध्ये रेल्वेरुळांलगतच्या कुटुंबांचे स्थलांतर ठरवताना हीच पद्धत वापरली गेली, आणि त्यासाठी मुंबईतील रुळांकाठच्या झोपड्यांच्या पुनर्वसनाचा अनुभव अभ्यासला गेला.