तापवायची काच वेगळी, वाकवायची वेगळी

घरच्या प्रयोगशाळेसाठी बरण्या, नळ्या, जुने बल्ब जमवताना आपण सगळ्यालाच ‘काच’ म्हणून मोकळे होतो. दिसायला सारखीच असते ती. पण बरण्या-बाटल्यांची आणि खिडक्यांची असते सोडा-लाइम काच. प्रयोगशाळेतली चंचुपात्रं बहुधा बोरोसिलिकेटची.

खरा फरक प्रसरणाचा. एक मीटर लांबीची कांडी 100 अंश सेल्सिअसनं तापवली, तर सोडा-लाइमची सुमारे 0.9 मिलिमीटर वाढते, बोरोसिलिकेटची जेमतेम 0.33. एवढ्यानं काय होतं? बरणी ज्योतीवर धरली की तळ फुगू पाहतो, वरचा गार भाग जागचा हलत नाही, आणि या ओढाताणीत काच तडकते. जाड बरणी जास्त टिकेल हा समज तर अगदी उलटा आहे. जाड काचेत उष्णता पलीकडे पोचायला वेळ लागतो, म्हणून ताणही जास्त. तारेच्या जुन्या बल्बचा चंबू बहुधा सोडा-लाइमचाच, तरी पातळ असल्यामुळे बरणीपेक्षा बरा तग धरतो. (सीएफएल, म्हणजे वळणदार नळीचे दिवे, मात्र फोडू नका, आत पारा असतो.)

म्हणून बोरोसिलिकेट सरस? तापवायला, हो. वाकड्या नळ्या, ड्रॉपर अशी साधनं घडवायला मात्र मी साधी सोडा-लाइम नळीच घेतो. ती 700 अंशांच्या थोडं पुढे मऊ पडते, बोरोसिलिकेटला 820 च्या आसपास जावं लागतं, आणि स्पिरिटच्या दिव्यावर हा फरक फार जाणवतो. नळी दोन्ही हातांच्या बोटांत सतत फिरवत राहायची. ज्योत पिवळी होते, तो काचेतला सोडियम. मग नळी मधोमध लोंबू लागते. आता ती ज्योतीबाहेर काढून सावकाश वाकवायची; ज्योतीतच वाकवली तर कोपऱ्यात चेपते. वाकवण्याऐवजी ओढली तर मध्ये बारीक होते, गार झाल्यावर तिथे तोडली की दोन ड्रॉपर. टोकं ज्योतीत गोल करून घ्या. डोळ्यांवर चश्मा हवाच. आणि गरम काच गार काचेसारखीच दिसते, हे माझी बोटं दोनदा शिकली आहेत.

ओळखायची कशी? कडेनं पाहिल्यावर हिरवट झाक दिसली तर सोडा-लाइमचा संशय घ्या, पण त्यावर विसंबू नका. तुकडा ग्लिसरीनमध्ये बुडवा. ग्लिसरीनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.47, बोरोसिलिकेटचाही तेवढाच, त्यामुळे तुकडा जवळजवळ दिसेनासा होतो. सोडा-लाइमचा 1.52, म्हणून तिच्या कडा दिसत राहतात.

टफन्ड, म्हणजे मुद्दाम कणखर केलेल्या काचेची भांडी मात्र या खेळातून वगळा. असली काच साध्या नळीसारखी कानशीनं खाच पाडून तुटत नाही, एकदम चुरा होते.