ॲस्टिल्बी : उद्यानातील आणि पुष्परचनेतील उपयोग

ॲस्टिल्बी ही सॅक्सिफ्रॅगेसी म्हणजे पाषाणभेदाच्या कुलातील बहुवर्षायू ओषधींची (मऊ खोडाच्या लहान वनस्पतींची) प्रजाती असून तिच्या सुमारे २० जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक चीन, जपान, कोरिया आणि हिमालयाच्या परिसरात आढळतात, तर एक जाती उत्तर अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वतराजीत वाढते. डोंगरातील ओढ्यांचे काठ, दऱ्या आणि झाडांखालची ओलसर सावली हे तिचे मूळ निवासस्थान आहे. बागेत ती कोठे तग धरील आणि फुलदाणीत किती दिवस टिकेल, हे बव्हंशी या निवासस्थानावरूनच कळते.

ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ ‘चमक नसलेली’ असा आहे. काही मिलिमीटरच्या एकेकट्या फुलाकडे पाहिले तर तो पटतोही. पण अशी शेकडो फुले एकाच परिमंजरीत (शाखायुक्त फुलोऱ्यात) दाटून येतात, तेव्हा पांढऱ्या, गुलाबी, जांभळट किंवा गडद लाल रंगाचा पिसासारखा तुरा तयार होतो आणि नाव अपुरे वाटू लागते. पाने बहुधा संयुक्त, दंतुर कडांची आणि नेच्याची आठवण करून देणारी असतात. कोवळेपणी, विशेषतः लाल फुलांच्या वाणांत, ती तांबूस दिसतात. तुऱ्याच्या साम्यामुळे ॲस्टिल्बीला पुष्कळदा स्पायरिया समजले जाते. स्पायरिया मात्र गुलाबाच्या कुलातील झुडूप आहे.

आज लावले जाणारे अनेक वाण संकरित आहेत. जर्मनीतील रोन्सडॉर्फ येथील रोपवाटिकाकार गेओर्ग आरेंड्स (१८६३–१९५२) यांनी जपानी आणि चिनी जातींचा संकर करून कित्येक वाण निर्माण केले, आणि त्या संकरगटाला त्यांचेच नाव मिळाले. त्यांनी १९३३ मध्ये आणलेला ‘फानाल’ हा गडद लाल वाण अद्याप लोकप्रिय आहे. ‘स्प्राइट’ या ठेंगण्या, फिकट गुलाबी वाणाची १९९४ मध्ये अमेरिकेत त्या वर्षाची बहुवर्षायू वनस्पती म्हणून निवड झाली होती.

उद्यानात ॲस्टिल्बीचे खरे मोल सावलीत आहे. पाने आकर्षक पण फुले साधी, अशाच वनस्पती सावलीच्या वाफ्यात बहुधा लावल्या जातात, आणि तेथे उंच, रंगीत तुरे देणाऱ्या वनस्पती फार थोड्या आहेत. होस्टा या सावलीत वाढणाऱ्या शोभिवंत वनस्पतीची रुंद पाने, नेच्यांची हिरवी जाळी आणि त्यांमधून वर आलेले ॲस्टिल्बीचे तुरे ही जुळणी म्हणूनच सर्वत्र दिसते. एकटे रोप विरळ भासते. एकाच वाणाची पाचसात रोपे जवळजवळ लावल्यास रंगाचा पट्टा उमटतो. जपानी जातीचे वाण उन्हाळ्याच्या आरंभी, आरेंड्स गटातील त्यांच्यानंतर आणि चिनी जातीचे सर्वांत शेवटी फुलतात, त्यामुळे निवड नीट केली तर बहर काही आठवडे लांबवता येतो. चिनी जातीचा ‘पुमिला’ हा सुमारे ३० सेंमी. उंचीचा वाण मूलक्षोडांनी (जमिनीखालच्या आडव्या खोडांनी) पसरून जमीन झाकतो.

पाण्याची हयगय मात्र या वनस्पतीला मुळीच सोसत नाही. माती कोरडी पडली की पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरगळतात, आणि एकदा करपलेले पान नंतर कितीही पाणी दिले तरी पूर्ववत होत नाही. ओलावा भरपूर असेल तर थोडे अधिक ऊन चालते, कोरड्या जमिनीत सावलीही रोपाला वाचवू शकत नाही. चिनी जाती या बाबतीत थोडी सोशिक आहे. कुजलेल्या पानांचे खत मिसळलेली माती आणि वर आच्छादन हा उत्तम उपाय आहे. हिवाळ्यात मात्र मुळाशी पाणी साचून राहता कामा नये. ॲस्टिल्बीला थंडीतील विश्रांती आवश्यक असल्याने सदा उष्ण हवामानात ती तग धरत नाही. गड्डा जुना होत जातो तसा तो मातीच्या वर उचलला जातो आणि फुले कमी होतात, म्हणून दर तीनचार वर्षांनी तो खणून, तुकडे करून पुन्हा लावावा. नाव दिलेले वाण बियांपासून जसेच्या तसे येत नसल्यामुळे त्यांच्या अभिवृद्धीचा विश्वासार्ह मार्गही हाच आहे.

पुष्परचनेत ॲस्टिल्बी क्वचितच मुख्य फूल असते. गुलाब किंवा पिओनी यांसारख्या गोल, भरीव फुलांमधील जागा ती मऊपणे भरते आणि तिचे निमुळते टोक रचनेला उंची देते. वधूच्या पुष्पगुच्छात पांढऱ्या आणि फिकट गुलाबी तुऱ्यांना मागणी असते ती यासाठीच. तुरा अर्धा ते पाऊण उमलल्यावर, सकाळच्या गारव्यात कापावा. कळ्या मिटलेल्या असताना कापलेला तुरा पाण्यात ठेवूनही पुढे फारसा उमलत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून दांडे काही तास खोल पाण्यात, थंड जागी ठेवावेत. इतकी काळजी घेऊनही फुलदाणीत ते साधारणपणे आठवडाभराच्या आतच कोमेजतात, आणि केसांत माळण्याच्या किंवा कपड्यावर लावण्याच्या बिनपाण्याच्या रचनेत तर काही तासांतच मलूल होतात.

वाळवण्यासाठी मात्र तुरे पूर्ण उमलू द्यावेत आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटे टांगावेत. रंग थोडा फिका पडला तरी पिसासारखा आकार टिकतो. बागेत न कापलेले तुरेही तपकिरी होऊन हिवाळाभर उभे राहतात. ते काढल्याने त्या हंगामात दुसरा बहर येत नसल्यामुळे पुष्कळ बागकामगार त्यांना वसंतापर्यंत हात लावत नाहीत.