नाशिकमधील पायी भटकंती

नाशिकमधील पायी भटकंती : गोदावरीच्या डाव्या काठावरची पंचवटी आणि उजव्या काठावरचे जुने गाव चालत फिरून, वाटेत खातपीत पाहण्याचा प्रघात. काळाराम मंदिर, रामकुंड, नदीपार सराफ बाजार, भांडी बाजार आणि रविवार कारंजा एवढा टप्पा सरळ चालले तर तासाभरातही उरकतो. तसा तो सहसा कोणी उरकत नाही. गल्ल्या अरुंद, चढउतार भरपूर आणि गाडी लावायला जागा नाही, म्हणून इथे पायी हिंडणे ही हौसेपेक्षा सोयच जास्त.

जुने गाव टेकड्यांवर वसले आहे. घाटावरून कुठल्याही गल्लीत शिरले की चढ लागतो. नदीकाठच्या जुन्या गढीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर सापडले. वस्ती उंचावर का गेली, हे पावसाळ्यात आपोआप समजते. नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे आणि पुराची पातळी नाशिककर तिच्यावरूनच मोजतात : ‘मारुतीच्या कमरेला लागलंय’, ‘छातीपर्यंत आलंय’. पाणी डोक्यावरून गेले की सराफ बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवू लागतात. २००८ च्या महापुराच्या आठवणी काठावरच्या दुकानांत अजून ऐकायला मिळतात.

फिरण्याची सुरुवात बहुधा पंचवटीतून होते. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. त्याचा काळा दगड रामशेजच्या डोंगरातला. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी याच मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक आघाडी दादासाहेब गायकवाड यांनी सांभाळली आणि लढा पुढे काही वर्षे चालला. मंदिराच्या शिल्पकामाबद्दल भरभरून सांगणारे वाटाडे ही गोष्ट एका वाक्यात उरकतात, ते बरे नव्हे. जवळच्या सीतागुंफेत वाकून उतरावे लागते आणि बाहेर रांग मोठी असते. वेळ कमी असेल तर ती टाळायला हरकत नाही.

रामकुंडावर एकाच वेळी सगळे चाललेले असते : स्नान, अस्थिविसर्जन, दशक्रिया, फुलांच्या द्रोणांची विक्री आणि पोरांचे सूर मारणे. तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या घराण्यांच्या नामावळ्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते वहीत निघते. वरच्या अंगाला कपालेश्वराचे मंदिर आहे. या शिवमंदिरात पिंडीपुढे नंदी नाही. नंदीने शंकराला ब्रह्महत्येच्या पापातून सुटण्याचा मार्ग दाखवला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानले, अशी कथा सांगतात. काठावरच नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेले रामेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या प्रवेशद्वारावरची मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. तिच्यावर १७२१ हे साल आहे.

नदी ओलांडली की देवस्थानांचा जोर ओसरतो आणि बाजार सुरू होतो. भांडी बाजारात तांब्या-पितळेचे हंडे, कळश्या, घंगाळी, समया दुकानाबाहेरपर्यंत रचलेल्या असतात. जुन्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज पूर्वीइतका राहिलेला नाही, पण मठारकाम अजून पाहायला मिळते. कारागीर भांडे लोखंडी खरवईवर, म्हणजे ऐरणीसारख्या आधारावर, धरून एका हाताने फिरवत राहतो आणि दुसऱ्या हाताने हातोडीचे सारख्या जोराचे ठोके एकाला एक लावून देतो. पत्र्यावर उमटणाऱ्या त्या खळग्यांना केवळ शोभेसाठी म्हणणे चूक. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांडे टिकते.

तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिर आहे. सावरकर बंधूंच्या क्रांतिकार्याशी ही गल्ली जोडलेली. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळ्या घातल्या, ते विजयानंद नाट्यगृहही गावातलेच. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हा आणखी एक जुना ठेवा.

खाण्यात पहिला मान मिसळीचा, आणि ती सकाळची. ताटलीत मोड आलेल्या कडधान्याची उसळ, वर शेव, बाजूला कांदा, लिंबू, दही, पापड आणि पाव. काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळ्या वाटीत. रस्सा पुन्हा मागायचा असतो, त्यात संकोच नसतो. शहराबाहेर झोपाळे आणि बागा असलेली मिसळीची मोठाली ठिकाणे निघाली आहेत. चालत फिरणाऱ्याला गावातली बाकडीच पुरतात. पुढे बुधा हलवाईची जिलेबी, उपवास असेल तर साबुदाणा वडा आणि घरी न्यायला कोंडाजी चिवडा. संध्याकाळी घाटावर भेळभत्त्याच्या गाड्या लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग असतात.

कोणत्या दिवशी जावे, यावर बरेच अवलंबून आहे. बुधवारी गंगाघाटावर, म्हणजे गोदावरीच्याच घाटावर, आठवडे बाजार भरतो. चैत्रातल्या कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. नाशिकची रंगपंचमी मात्र खास : पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रस्त्याखालचे दगडी हौद, त्या दिवशी उघडतात. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडींभोवती गर्दी उसळते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि पोरे त्यात ‘धप्पा’ मारतात, म्हणजे अंग झोकून देतात. एरवी याच जागेवरून माणसे आणि दुचाक्या खुशाल जातात; खाली हौद आहे, हे नवख्याच्या ध्यानातही येत नाही. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यात, विशेषतः शाही स्नानाच्या पर्वण्यांना, घाटाकडच्या वाटा अडथळे लावून एकेरी केल्या जातात. त्या दिवशी नदीकाठ सोडून वरच्या आळ्यांतून फिरावे.