अठरा वाटे आणि एक केबल

१९०२ साली कॅनडा ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड अशी प्रशांत महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलचे अठरा वाटे केले होते. पाच ब्रिटनचे, पाच कॅनडाचे आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड या वसाहती व न्यूझीलंड यांचे दोन-दोन. ही वाटणी ठरेपर्यंत बारा वर्षं घासाघीस चालली. तिच्यातली एक अट थेट पदार्थविज्ञानाला जाऊन भिडली: केबल कुठेही परक्या, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याबाहेरच्या, जमिनीवर चढता कामा नये.

त्याआधी लंडनहून सिडनीला जाणारी तार मुंबईमार्गे जाई. १८७० मध्ये एडनची केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली. तिथून जमिनीवरून मद्रास, पुन्हा समुद्रातून पेनांग, सिंगापूर, डचांच्या ताब्यातलं जावा आणि १८७२ पासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं डार्विन. समुद्रातला बहुतेक मार्ग जॉन पेंडर यांच्या कंपन्यांच्या हाती होता, त्यामुळे दरही त्याच ठरवत. कॅनडाचे अभियंते सँडफर्ड फ्लेमिंग यांना सरकारी मालकीची दुसरी वाट हवी होती. १८८७ ची लंडनची परिषद असो की १८९४ ची ओटावाची, ते हाच विषय लावून धरत राहिले.

व्हँकुव्हर बेटावरून निघणाऱ्या केबलला वाटेत पहिला थांबा लागणार होता. फ्लेमिंग यांची नजर हवाई बेटांच्या रांगेतल्या नेकर या निर्मनुष्य खडकावर होती. पण मे १८९४ मध्ये हवाई सरकारनेच तिथे आपला झेंडा लावला. मग ब्रिटनने तो खडक भाडेपट्ट्याने मागितला. त्याला अमेरिकेची संमती लागत होती, ती मिळाली नाही. उरलं विषुववृत्ताजवळचं फॅनिंग बेट.

व्हँकुव्हर बेटावरच्या बॅमफील्डपासून नेकर सरळ रेषेत सुमारे २,४०० सागरी मैल, तर फॅनिंग सुमारे ३,२००. अंतर एक तृतीयांशाने वाढलं. पण संदेशाचा वेग तेवढ्यावर भागू देत नाही. केबलच्या मधोमध तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं (झाडाच्या चिकापासूनच्या वीजरोधक पदार्थाचं) आवरण आणि बाहेर खारं पाणी, म्हणजे हजारो मैल लांबीचा धारित्रच, वीज साठवून ठेवणारं साधन. आत सोडलेला विजेचा ठोका आधी या धारित्राला भारित करतो आणि पलीकडच्या टोकाला पसरट, मंद होऊन पोचतो. मागचा ठोका ओसरण्याआधी पुढचा सोडला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक विल्यम थॉमसन यांनी १८५० च्या दशकातच दाखवलं होतं, की ही दिरंगाई लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट तर वेळ चौपट. या हिशेबाने फॅनिंगपर्यंतची तीच केबल नेकरपेक्षा जवळपास पावणेदोन पट मंद चालली असती.

यावर उपाय एकच होता: तार जाड करून तिचा रोध कमी करायचा आणि आवरण वाढवून धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, आटोक्यात ठेवायची. प्रत्यक्ष अंथरलेल्या सुमारे ३,४५९ सागरी मैलांच्या या टप्प्यात दर मैलाला ६०० पौंड तांबं गेलं, म्हणजे एकूण नऊशे टनांहून जास्त. तेव्हा जगात एवढा लांब सलग टप्पा दुसरा नव्हता. तो टाकायला ‘कोलोनिया’ हे खास जहाज बांधावं लागलं.

फॅनिंगवर येणारा संदेश म्हणजे कागदी पट्टीवर बारीक काचनळीने शाईत काढलेली नागमोडी रेघ. ती वर गेली की टिंब, खाली गेली की डॅश. तिथला तारबाबू ती वाचून फिजीकडच्या केबलवर पुन्हा हाताने ठोके देई. पुढे नॉरफोक बेटावर फाटा फुटून एक शाखा क्वीन्सलंडला आणि दुसरी न्यूझीलंडला जाई.

या खर्चिक लांबीमुळेच वाटणीवर इतका वाद झाला, असं मला वाटतं. १८९९ मध्ये ब्रिटनने मालकीऐवजी फक्त तोट्याचा काही भाग, तोही वर्षाला २०,००० पौंडांपर्यंत, सोसायची तयारी दाखवली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी कडाडून विरोध केल्यावर त्याच वर्षी लंडनने भागीदारी मान्य केली. तरी भागीदार एकदिलाने वागले नाहीत. दोन वाटे घेतलेल्या न्यू साउथ वेल्सने जानेवारी १९०१ मध्ये पेंडर-गटाच्या जुन्या कंपनीला सिडनीत स्वतःचं कार्यालय उघडायची मुभा दिली. आपल्याच केबलचं गिऱ्हाईक असं दुसऱ्याकडे वळवल्याबद्दल बाकीचे भागीदार संतापले, आणि तो संताप रास्त होता.

लांबीच्या वर्गाचा जाच पुढे १९२६ मध्ये सैल झाला. त्या वर्षी याच मार्गावर दुसरी केबल टाकली, तेव्हा तांब्याभोवती निकेल-लोहाच्या मिश्रधातूचं वेष्टण दिलं होतं. त्याने केबलचं प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, वाढलं, ठोके कमी पसरू लागले आणि संदेश पहिल्या केबलपेक्षा कितीतरी वेगाने धावू लागले.