दिवाळीचे फोव (गोवा)

फोव म्हणजे पोहेच, पण गोव्यात "दिवाळीचे फोव" म्हटलं की एक पदार्थ डोळ्यासमोर येत नाही, नरक चतुर्दशीची अख्खी सकाळ येते. पहाटेची आंघोळ, तुळशीसमोर फोडलेलं कारीट, केळीच्या पानावर पाच-सहा प्रकारचे पोहे आणि मग वाड्यावरच्या घरोघरी जाऊन परत तेच खाणं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण, कुठेही जा, हिंदू घरात ही सकाळ थोड्याफार फरकाने अशीच असते. पुण्या-मुंबईचे पाहुणे चकली-लाडू शोधतात, ते पण असतात, पण डब्यात. पानावर पहिला मान फोवांचा. लक्ष्मीपूजन मुख्यतः दुकानदारांचं, गावातल्या घराला विचाराल तर दिवाळी म्हणजे चतुर्दशीची पहाट, बास.

ह्याचं कारण शेतात आहे. जूनला पेरलेलं पावसाळी भात, ज्याला इथे सरद म्हणतात, ते सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर कापलं जातं, आणि दिवाळी नेमकी त्याच्या पाठोपाठ येते. म्हणजे नव्या भाताचं पहिलं खाणं तेच सणाचं खाणं. आता तिथी काही शेताला विचारून येत नाही, 2023 ला अधिक श्रावण होता म्हणून नरक चतुर्दशी 12 नोव्हेंबरला गेली, तोवर भात कापून, मळून, वाळवून निवांत झालेलं, आणि 2025 ला 20 ऑक्टोबरलाच आली. अशा वर्षी परतीचा पाऊस लांबला की अंगणात पसरलेलं भात दुपारी तीन वाजता धावत जाऊन ताडपत्रीखाली सारायचं आणि ऊन आलं की परत पसरायचं, घरातली पोरं त्याच कामाला.

घरी फोव कांडणं आता फार कमी झालंय, पण म्हाताऱ्या बायकांना कृती तोंडपाठ असते. भात रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, सकाळी निथळायचं, चुलीवर कढई चांगली तापवून थोडं थोडं भाजायचं. दाणे तडतडायला लागले की लगेच उतरवून व्हायनात, म्हणजे दगडी उखळात, ओतायचं आणि गरम असतानाच मुसळाने कांडायचं. इथे वेळ घालवून चालत नाही. भिजून भाजल्यामुळे दाणा आतून मऊ झालेला असतो म्हणून मुसळाखाली तो चपटा होतो, तोच थंड झाला की कडक होतो आणि फुटून नुसती कणी पडते. म्हणून एक बाई भाजायला, दोघी समोरासमोर मुसळ घेऊन आळीपाळीने मारायला, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि मध्येच तिसरी हात घालून दाणे वरखाली करणार. (ती तिसरी कोण हे आधीच ठरलेलं असतं, नव्या सुनेला ते काम देत नाहीत.) मग सुपाने पाखडून कोंडा काढायचा. कोंडा गुरांना. असे फोव जाड, जरा लालसर, आणि वास असा की नुसते मूठभर घेऊन गुळाच्या खड्याबरोबर खाल्ले तरी चालतात. गिरणीतले पांढरे पातळ पोहे सुबक दिसतात पण ताकात घातले की दोन मिनिटात चिखल. त्यामुळे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी फोव शोधत लोक फिरतात आणि भाव ऐकून कुरकुरत का होईना घेतात.

आदल्या संध्याकाळी न्हाणीघर घासून पुसून, पाणी तापवायचं तांब्याचं भाण चिंचेने लख्ख करून त्याला झेंडूची माळ घालतात, दारात आकाशकंदील. पोरं मात्र घरात नसतात, ती नरकासुराकडे. गोव्यात वाड्यावाड्यावर गवत-कागदाचे भलेमोठे नरकासुर करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. पूर्वी ढोल आणि पत्र्याचे डबे होते, आता स्पीकरच्या भिंती, म्हाताऱ्यांना आणि गोठ्यातल्या गुरांना झोप नाही, ह्यावर दरवर्षी पेपरात पत्रं येतात आणि पुढच्या वर्षी स्पीकर अजून एक वाढलेला असतो. काही का असेना, नरकासुर जळला की पोरं काळी तोंडं घेऊन घरी येतात आणि आई सरळ न्हाणीकडे बोट दाखवते.

अंगाला तेल, उटणं, काही घरांत नारळाचा रस पण चोळतात, मग भाणातलं कडकडीत पाणी. ओल्या केसांनीच तुळशीपुढे जायचं आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. कारीट हे पावसाळ्यात कुंपणावर आपोआप उगवणाऱ्या वेलीचं छोट्या काकडीसारखं फळ, कडू जहर. ते म्हणजे नरकासुर. फुटल्यावर त्याचा रस जिभेला लावायचा, बी कपाळाला. लहान मुलांचं तोंड वाकडं झालेलं बघायला सगळं घर जमतं, आणि हा कडूपणा तोंडात असतानाच पानावर बसायचं असल्यामुळे पहिला गोडाचा घास जो लागतो तो वर्षात परत तसा लागत नाही. काही गावांत ह्याच सकाळी सातविणीच्या सालीचा कडू रसही प्यायला देतात. ह्याच दिवसांत सातवीण फुललेली असते, संध्याकाळी रस्ताभर तिचा उग्र वास.

पानावर काय काय असतं ते घराघराप्रमाणे बदलतं. दुधातले फोव गूळ-वेलची घालून. रोसातले म्हणजे नारळाच्या दुधातले, गूळ विरघळवून, हे माझ्या मते सगळ्यात वरचे, पण रोस पहिल्या पिळण्याचा दाट हवा आणि फोव वाढायच्या वेळीच घालायचे, आधी घालून ठेवले की खीर होते. ताकातले फोव मीठ, हिरवी मिरची, आलं घालून, गोड खाऊन कंटाळलेल्यांसाठी. गूळ-खोबरं हाताने कालवलेले. तिखशे फोव म्हणजे ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर गूळ, फोडणी नाही. आणि मग फोडणीचे, मोहरी-कढीपत्त्याचे, हल्ली बटाटा घालून. बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबाड्याचं आंबट-गोड रायतं. आंबाडे ह्याच दिवसांत झाडावर असतात, आणि इतक्या गोडाला त्यांच्याशिवाय उतारा नाही. पहिलं पान देवाला. कृष्णाने नरकासुर मारला तो हा दिवस, आणि सुदाम्याने कृष्णाला पोहेच नेले होते, म्हणून नैवेद्याला फोवच, असं घरातली मोठी माणसं सांगतात.

त्यानंतर खरी कसोटी. आपल्या घरचं खाऊन झालं की काका, शेजारी, वरच्या वाड्यावरची आत्या, सगळीकडे "फोव खायला ये" असतंच, आणि नाही म्हणायची सोय नाही. "बस मरे, रोसातले तरी खा थोडे", म्हणत वाटी पुढे येतेच. शहाणी माणसं प्रत्येक घरात फक्त ताकातले मागतात. वर्षभर बांधावरून भांडणारे दोन शेजारीही ह्या सकाळी एकमेकांच्या ओसरीवर वाटी घेऊन बसलेले दिसतात, बांधाचा विषय तेवढा निघत नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरी फराळाचं ताट जातं, त्यांच्याकडून नाताळात दोदोल, नेवऱ्या, बेबिंक असलेलं ताट येतं, रिकामं ताट कोणीच परत पाठवत नाही.

फोवांचा हंगाम एवढ्यावर संपत नाही. कार्तिक द्वादशीला तुळशीचं लग्न, त्याला गोव्यात व्हडली दिवाळी म्हणतात. वृंदावन रंगवून त्यात ऊस आणि नवरा म्हणून दिंड्याची काठी रोवतात, आवळे-चिंचा बांधतात, भटजी संध्याकाळभर एका अंगणातून दुसऱ्या अंगणात धावत असतात आणि आपल्याकडे कधी पोचतील ह्याचा हिशेब फोनवर चालू असतो. मंगलाष्टकं संपली की गूळ-खोबऱ्याचे फोव वाटतात. पोरांची टोळी भटजींच्या मागोमाग घर बदलत राहते, हातात प्लास्टिकची पिशवी, तीत सगळ्या घरांचे फोव एकत्र, वर उसाचे कांडके. घरी जाईपर्यंत अर्धे संपलेले असतात, उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी आई कढीपत्त्याची फोडणी देऊन चहाबरोबर देते.