पाळीव कुत्र्याची निगा (ठाणे व नवी मुंबई)

घरी पाळलेल्या कुत्र्याला आजार, अपघात आणि सुस्ती यांपासून जपण्यासाठी केलेली रोजची व्यवस्था. लस, खाणे आणि फिरवणे ही तिची अंगे कुठल्याही गावी तीच. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर मात्र तिचे वेळापत्रक हवा आणि घर या दोन गोष्टी ठरवतात. जून ते सप्टेंबरमध्ये इथे २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, एरवीही खाडीचा दमटपणा पाठ सोडत नाही, आणि कुत्रा अंगणात नव्हे तर सातव्या-आठव्या मजल्यावर राहतो. गोचीडताप, त्वचेची बुरशी, कानाचे दुखणे आणि वाढते वजन या नेहमीच्या तक्रारींचे मूळ यातच आहे.

गोचीड हा या परिसरातला खरा शत्रू. कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचीड (रिपिसेफॅलस सँग्विनिअस) आयुष्याचा थोडाच काळ कुत्र्याच्या अंगावर काढते. पोटभर रक्त प्यायली की ती खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, खिडकीच्या चौकटीत किंवा सोफ्याच्या शिवणीत जाऊन बसते. मादी अशाच जागी हजारो अंडी घालते. ही जात पूर्ण जीवनचक्र घरातल्या घरात पार पाडू शकते, म्हणून अंगावरच्या गोचिड्या वेचणे म्हणजे वरवरची झाडलोट. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना बोल लावण्याआधी घरातला सोफा एकदा उलटा करून पाहावा.

गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया हा जिवाणू आणि बाबेसिया हा रक्तातला परजीवी कुत्र्याच्या शरीरात शिरतो. बोलीत दोघांच्याही आजाराला ‘टिक फीवर’च म्हणतात. ताप येतो, कुत्रा जेवण टाकतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. रक्तातल्या प्लेटलेट फार उतरल्या तर नाकातून रक्त येते. बाबेसियात तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी गडद होते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. पाचव्या दिवशी शेपूट हलू लागली म्हणून गोळ्या थांबवणे ही घरोघरची चूक आहे. बाबेसियाची औषधे वेगळी असतात, त्यामुळे रक्त तपासल्यावाचून अंदाजाने उपचार करू नयेत. अंगावर दिसलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये की ती बोटांनी चिरडू नये. प्रतिबंधासाठी महिन्याने किंवा बारा आठवड्यांनी द्यायच्या चघळगोळ्या, मानेवर सोडायचे थेंब आणि पट्टे मिळतात. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले थेंब टाळावेत, मांजराला ते विष आहे.

पावसाळ्याचा दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर-घुशींच्या मुतातले जिवाणू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पंजाच्या चिरेतून किंवा तोंडावाटे कुत्र्याच्या शरीरात जातात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात माणसांमध्ये या रोगाची साथ आली, तेव्हा ‘लेप्टो’ हा शब्द घरोघर पोचला. कुत्र्याच्या मूत्रपिंडावर आणि यकृतावर तो घाला घालतो. उलट्या, कावीळ आणि लघवीतला बदल या त्याच्या खुणा. आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो माणसालाही होतो, तेव्हा साफसफाई हातमोजे घालूनच करावी. लस आहे, तिचा प्रभाव वर्षभर धरतात आणि जिवाणूच्या सगळ्या उपजातींवर ती चालत नाही. वार्षिक डोस मे महिन्यातच उरकावा हे बरे. फिरून आल्यावर बोटांमधली जागा आणि लोंबत्या कानांची आतली बाजू कोरडी करणे हे पाच मिनिटांचे काम. ते चुकले की आठवड्याभरात कानाला आंबूस वास येतो.

उन्हाळ्यात पाऱ्याचा आकडा फसवतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून बाहेर काढतो. हवेत आधीच बाष्प असेल तर ही ओल उडत नाही. नागपूरपेक्षा ठाण्याचे तापमान कमी दिसते म्हणून निर्धास्त राहता येत नाही ते यामुळे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांवर गेले की जिवावरचा प्रसंग. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना धाप लागली तरी पुरेशी हवा घेता येत नाही. थंड प्रदेशातल्या हस्कीला चोवीस तास एसीत ठेवू, हा युक्तिवाद वीज जाईपर्यंत टिकतो. उष्माघात झालाच तर कुत्र्याला सावलीत नेऊन अंगावर नळाचे पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि मग दवाखाना गाठावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते.

फिरवण्याची वेळ डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून ठरवता येते. आपल्याला पाच सेकंद सोसवत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यालगतच्या पाणथळ जागी रोहित पक्षी उतरलेले असताना कुत्रा मोकळा सोडू नये. येऊरचे प्रकरण याहून गंभीर आहे. हा डोंगर सुमारे १०४ चौ. किमी.च्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग असून तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा मोठा वाटा आढळतो. जंगलालगतच्या वसाहतींत संध्याकाळनंतर पट्टा आखूड धरावा आणि कुत्रा रात्री घरातच ठेवावा. धोका उलट दिशेनेही असतो: कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग बिबट्यासारख्या मार्जारवर्गीय प्राण्यांना होऊ शकतो. पावसात गवतातले साप आणि भेकही आलेच. भेक तोंडात धरल्यावर कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. तोंड खाली करून पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरांना विचारावे.

खाण्याबाबत मराठी घराची माया बऱ्याचदा आड येते. पोळी-दुधावर कुत्रा जगतो, पण त्याला लागणारी प्रथिने त्यातून पुरेशी मिळत नाहीत. कांदा-लसणाची आमटी त्याच्या तांबड्या पेशी फोडते, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे टोकदार तुकडे होतात. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ही गोळी ‘लहान तुकडा’ म्हणूनही देऊ नये. वजनाचे मोजमाप हातानेच करता येते: बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ लॅब्रॅडॉरच्या अभ्यासात चतुर्थांश कमी खाणारी कुत्री जोडीतल्या जास्त खाणाऱ्या भावंडांपेक्षा जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली. लिफ्टने खाली, गेटपर्यंत आणि परत, याला व्यायाम म्हणत नाहीत.

पिल्लाचे लसीकरण सहा ते आठ आठवड्यांचे असताना सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालते. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढचा डोस वर्षाने. मालिका पुरी होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या बागेत उतरवू नये, कारण पार्वो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. लिफ्टमध्ये मात्र पट्टा गुंडाळून हातात घ्यावा, दारात अडकलेला पट्टा गळ्याला फास ठरतो.

म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रश्न फ्लॅटमध्ये फरशीपाशी येतो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर त्याचे मागचे पाय फाकतात आणि खुब्याचे दुखणे वाढते. पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुनी सतरंजी अंथरली, नखे वेळेवर कापली आणि तळव्यांमधले केस छाटले की दहा वर्षांचा लॅब्रॅडॉरही न घसरता उठतो.