गढीतली मोटार

मराठवाड्यातील एक लोकप्रिय आख्यायिका. पडक्या गढीत, जहागीरदाराच्या कुलूपबंद वाड्यात किंवा बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात निजामाच्या काळातली मोटार अजून उभी आहे, एवढाच तिचा गाभा. गाव बदलते, मोटारीचा रंग बदलतो. सांगणारा मात्र ‘आमच्या आज्यानं बघितली होती म्हणतेत’ याच्या पुढे सहसा जात नाही.

कथेला आधार आहे तो इतिहासाचा. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. खाजगी मोटार ही जहागीरदार, मोठे देशमुख, अंमलदार आणि बडे व्यापारी यांचीच चैन. सर्वसामान्यांच्या वाट्याला आली ती बस. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी ही सेवा सुरू केली. पुढे रझाकारांचा धुमाकूळ, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आणि १९४९ मध्ये खालसा झालेल्या जहागिऱ्या, असे धक्के एकामागून एक बसले. काही घराणी गाव सोडून गेली, काहींचे वाडे भाऊबंदकीत अडकले. १९५० च्या दशकात फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी भारतातली जुळणी थांबवली, तेव्हा सुटे भागही दुर्मिळ झाले. एखादा दातेरी चाकाचा दात तुटला, की गाडी ढेलजेत उभी ती उभीच.

बाकीचा मालमसाला गुप्तधनाच्या गोष्टीतून आलेला आहे. मोहरांच्या हंड्यावर नाग असतो, तसा इथे मागच्या सीटवर नाग. हंडा पुरतात, तशी मोटार भिंतीत चिणलेली. काही ठिकाणी अमावास्येला भोंगा वाजतो. बॅटरी इतकी वर्षे कशी टिकली, हे विचारणारा श्रोता अशा बैठकीत बसवून घेत नाहीत.

कथेतली गाडी हमखास रोल्स रॉईस असते. साधी ऑस्टिन कुणाच्याच गढीत नसते. यामागे निजामाच्या खऱ्या गाडीची कीर्ती असावी. सहाव्या निजामासाठी मागवलेली १९१२ ची पिवळी ‘सिल्व्हर घोस्ट’ हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आजही पाहता येते. ती कधी हरवलीही नव्हती. प्रत्यक्षात दार उघडल्यावर दिसते ती पुष्कळदा ‘डुक्कर फियाट’ किंवा लँडमास्टर, म्हणजे संस्थान विलीन झाल्यानंतरची गाडी. गावाच्या लेखी तीही निजामाच्याच टायमाची.

बंद जागेत गाडी टिकते कशी, हा प्रश्न वेगळा. कोरड्या हवेत पत्रा सावकाश गंजतो, पण जुन्या बॉडीचा सांगाडा लाकडी असला तर वाळवी तो आतून पोखरते आणि वर नुसते पत्र्याचे टरफल उरते. तारांवरचे कापडी वेष्टन उंदीर कुरतडतात. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो, पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. चेसिसवरची नंबराची पट्टी शाबूत असेल, तरच गाडीची ओळख पटण्याची काही आशा. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खाजगी गाड्यांची ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क असून ती १० वर्षे चालते. गढीतल्या गाडीचे घोडे पेंड खाते ते कागदपत्रांशी.

ज्या मोटारी खरोखर होत्या, त्यांतल्या बऱ्याच कधीच हरवल्या नाहीत. त्या मोडून वापरल्या गेल्या. आस आणि चाके टायरच्या बैलगाडीला लागली, पत्रा भंगारवाल्याने नेला. गाडीचा भार झेलणारे कमानपाटे गेले लोहाराच्या भात्यापुढे, कारण त्यांचे पोलाद पाणी चांगले धरते. ऊसतोडीला निघणारे मजूर आजही कोयता घेताना तो पाट्याचाच आहे ना, हे बोटाने टिचकी मारून पाहतात.